व्हिलनचं मूळ आणि चार ओळींचा कागद

आमच्या भागात भाषणाला बोलावणं हा काही सन्मान नसतो. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, मंडईला नाटक असतं आणि नाटकाच्या आधी उद्घाटन. उद्घाटनाला मंचावर दोन रांगा खुर्च्या मांडतात, आणि मांडल्या की त्या भराव्या लागतात. मोठा पाहुणा येतो म्हणतो आणि येत नाही. त्याच्या बदलीचा पाहुणा दुसऱ्या गावच्या मंडईत जेवायला बसलेला असतो. मग समितीच्या सचिवाला आठवतं, की आपल्या गावचा एक रिटायर मास्तर गोंदियाला पडलेला आहे. इंग्रजीचा आहे, सुरू झाला की थांबत नाही, पण एसटीनं स्वतःच्या खर्चानं येतो. असा मी दर दोन-तीन वर्षांनी एकदा आठवला जातो. आणि दर वेळी मला वाटतं, अखेर गावाला अक्कल आली.

यंदा फोन आला तेव्हा मी ठरवलं, या वेळी 'रसिक मायबाप' आणि 'झाडीपट्टीची थोर परंपरा' हे दळण दळायचं नाही. एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याची जन्मापासूनची कहाणी सांगायची. हे माझं जुनं व्यसन आहे. लोक निवृत्त झाल्यावर देवाला लागतात, पत्त्यांना लागतात. मी डिक्शनरीला लागलो. एखादा शब्द कुठून निघाला, वाटेत कोणी त्याला लुटलं, आज तो कोणत्या वेशात फिरतो, हे मी कोणालाही सांगू शकतो. दूधवाल्याला सांगितलेलं आहे. हल्ली तो दूध फाटकावर ठेवून घंटी न वाजवता जातो.

शब्द निवडला 'व्हिलन'. आमच्याकडे नाटकाचं पोस्टर लागलं की माणसं नाटकाचं नाव विचारत नाहीत. हिरो कोण हेही विचारत नाहीत, हिरो काय, कोणीही गोरा पोरगा चालतो. विचारतात, "व्हिलन कोन हाय?" आणि यंदा गावच्या नाटकात व्हिलन होता माझाच माणूस.

'माझा माणूस' असं मी सहज लिहून गेलो, तर ते आधी नीट सांगतो. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी जिथे पोचता पोचता दमतं, तिथे माझी पाच एकर धानाची जमीन आहे. वडिलांकडून आलेली. मी तिच्यात शेवटचा कधी उतरलो हे माझ्या पायांनाही आठवत नाही. अकरा वर्षांपासून ती हा माणूस ठेक्यानं करतो. नांगरणी त्याची, रोपांचे परे त्याचे, रोवणी त्याची, चिखल त्याचा, सातबारा माझा. त्याआधी तो माझा विद्यार्थी होता. नववीत इंग्रजीत नापास झाला तेव्हा त्याच्या बापाला मी शाळेत बोलावून म्हटलं होतं, "पोरगा ढ आहे, शेतीतच घाला." बापानं घातलं. इतक्या तत्परतेनं माझा सल्ला आयुष्यात दुसऱ्या कोणीही ऐकलेला नाही.

मंडईच्या पाच दिवस आधी तो गोंदियाला माझ्या घरी आला. दोन गोष्टी मागायला. एक, माझा काळा कोट, नाटकात घालायला. दुसरी, एक कागद.

कागदाचं असं होतं. धान सरकारी खरेदी केंद्रावर विकायचा तर आधी नोंदणी लागते आणि नोंदणी होते सातबारावरच्या नावानं. जमीन ठेक्यानं करणाऱ्याला स्वतःच्या नावानं विकायचा असेल, तर मालकानं लिहून द्यावं लागतं, की बाबा, माझी जमीन हा करतो, पीक याचं आहे. चार ओळी. त्या मी अकरा वर्षांत लिहून दिल्या नव्हत्या. त्यामुळे त्याचा धान दर वर्षी माझा धान म्हणून विकला जायचा. मागच्या साली केंद्रावर माझं नाव पुकारलं, तेव्हा उन्हात दोन दिवस रांगेत बसलेला हा उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. एका वर्षी तुडतुड्यानं पीक खाल्लं. त्याची सरकारी मदत माझ्या खात्यात आली आणि ती त्याला द्यायची आहे, हे मला बायकोनं आठवण करून देईपर्यंत आठवलं नाही. माझी स्मरणशक्ती इतर बाबतींत उत्तम आहे.

"सर," तो म्हणाला, "नोंदनीले आठ दिवस रायले जी. औंदा मायाच नावानं टाकतो म्हनलं. पोरीच्या शाळेच्या फार्मवर बापाचा धंदा लिवाचा रायते. शेती लिवलं त पुरावा मागतेत. मायाजवळ काईच नाई. सारा गाव सांगल मी धान करतो म्हनून, पन कागद नाई सांगत."

मी चष्मा कपाळावर चढवला आणि जे दर वर्षी म्हणतो ते म्हटलं. "ॲक्चुअली, आपला शब्द आहे ना रे बाबू. शब्दापुढे कागद काय."

या वाक्यावर मी खूश असायचो. त्यात संस्कृती होती. खरं कारण असं, की लिहून दिलं तर हा कूळ म्हणून लागेल आणि जमीन जाईल, ही भीती आमच्या घरात वडिलांच्या फोटोच्या शेजारी टांगलेली आहे. कायदा काय म्हणतो हे मी कधी वाचलं नाही. हजार पानांची डिक्शनरी वाचली, चार पानांचा कायदा वाचला नाही. भीतीला माहिती मानवत नाही.

बायकोनं कपाटातून कोट काढून दिला, चहा दिला. तो गेल्यावर ती म्हणाली, "कोट दिला, म्हणजे उदार झालात." मी डिक्शनरी उघडली.

आता शब्दाचं ऐका, कारण त्यात माझी काही चूक नाही. रोमन लोकांत 'व्हिला' म्हणजे मालकाचं शेतावरचं घर आणि त्याच्याभोवतीची जमीन. त्या जमिनीवर राबणारा गडी तो 'व्हिलानस'. त्यात शिवी नव्हती. सुताराला सुतार म्हणावं तसं. हा शब्द फ्रान्समार्गे इंग्लंडात गेला. तिथे तो मालकाच्या जमिनीला बांधलेल्या माणसाला लागला. जमीन मालकाची, घाम याचा, आणि मालकाच्या परवानगीशिवाय याला गाव सोडायची सोय नाही. मग मालक लोकांना वाटू लागलं, की असा माणूस अडाणीच असणार. अडाणी आहे म्हणजे उद्धट असणार. उद्धट आहे म्हणजे नीच असणार. नीच आहे तर चोऱ्यामाऱ्या करतच असणार. अशा एकेक पायरीनं बिचारा धान कापणारा माणूस बदमाश झाला, आणि शेवटी त्याला मिशा चिकटवून नाटकात उभं केलं. त्यानं वाटेत काहीही केलं नव्हतं. तो नुसता शेतात वाकून उभा होता.

आणि इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपण काय केलं? नगरात राहतो तो नागर, म्हणजे सभ्य. गावात राहतो तो ग्राम्य, म्हणजे असभ्य. गावंढळ ही शिवी आम्हीच केली. हिंदीनं गावावरून गँवार काढला. गोंदियाच्या बाजारात तर दुकानदार नुसतं 'देहाती' म्हणतो आणि तेवढ्यात कापडाचा भाव वाढवतो.

हे सगळं मी बायकोला तिच्या शेंगा सोलण्याच्या वेळी सांगितलं. ती म्हणाली, "व्हिला म्हणजे आपल्या फाटकावर लिहिलंय तेच ना?"

आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घराच्या फाटकावर देवाचं नाव आणि पुढे 'व्हिला' अशी पाटी आहे. आमच्याही आहे. पितळी.

"म्हणजे तुम्ही व्हिलात आणि तो धानाच्या बांधीत," ती म्हणाली. "एकाच घरचे शब्द दिसतात."

मी म्हटलं, वा, छान निरीक्षण आहे, भाषणात घ्यायला हवं. आणि वहीत टिपूनही घेतलं. यावरून ध्यानात यावं, की मी किती हुशार माणूस आहे.

मंडईच्या दिवशी बायकोसह गावात पोचलो तेव्हा दुपारची दंडार, म्हणजे नाच-सोंगांचा खेळ, संपली होती. जिलेबीच्या कढया, पाळणे, माहेरी आलेल्या पोरी, धूळ. संध्याकाळी आम्हाला मंचावर बसवलं. माझ्याआधी सात जण बोलले. प्रत्येकानं 'मी जास्त वेळ घेणार नाही' असं म्हणून तो घेतला. आठवा मी. पब्लिक जमिनीवर पोतं-चादर टाकून बसलेलं, बाया लेकरं मांडीवर घेऊन. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की हा शेवटचा असो.

पण मी सांगतो, मी बोललो चांगलं. रोमपासून सुरुवात केली आणि गोंदियाच्या बाजारात आणून सोडलं. 'देहाती'वर टाळ्या पडल्या. मला टाळ्यांची सवय नाही. वर्गात फक्त घंटा वाजली की आनंद व्हायचा. मग मी चढलो. म्हणालो, शब्द आपोआप बिघडला नाही, तो बिघडवला गेला. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याकडेच लेखणी होती. राबणाऱ्याचं नाव कोणत्याही कागदावर नव्हतं, म्हणून त्याला कोणीही काहीही नाव ठेवलं. असल्या उलट्या काळजाच्या जमीनदारांची मला किळस येते, असंही म्हणालो. आवाज थोडा भरून आला होता. तो खरा होता, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

बोलता बोलता पडद्याच्या कडेला माझं लक्ष गेलं. तिथे हा उभा होता, तोंडाला रंग लावलेला, माझा कोट घातलेला. ऐकत होता. नववीत त्यानं माझं एवढं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं.

पाहुण्यांना खाली पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं, बायको माझ्या शेजारी, आणि नाटक सुरू झालं.

नाटक नेहमीचंच. एक गरीब बाप, त्याची पोरगी, शहरातून शिकून आलेला हिरो आणि एक जमीनदार. जमीनदार म्हणजे व्हिलन. आमच्या पट्टीतला व्हिलन कसा येतो हे ज्यानं पाहिलं त्याला माहीत आहे: आधी विंगेतून गडगडाटी हसू, मग लाल लाइट, मग मांडीवर थाप. हा तसा आला नाही. हा हळूच आला, पाठ किंचित वाकवून, कोटाच्या खिशात एक हात घालून. कपाळावर चष्मा. आणि तो चष्मा त्यानं टेबलावर, खुर्चीवर, नोकराच्या खिशात शोधायला सुरुवात केली.

मागून कोणीतरी बाई म्हणाली, "सर, चष्मा कपारावर हाय जी." आणि सारा मांडव हसला. त्या बाईनं 'मालक' म्हटलं नाही, 'सर' म्हटलं. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. माझाही तिथेच होता.

मग गरीब बाप आला, हात जोडून. म्हणाला, मालक, सारी हयात तुमच्या जमिनीत गेली, एक कागद लिहून द्या. हे नाटकात मुळातच होतं की यानं घातलं हे मला आजवर कळलं नाही. व्हिलननं घसा साफ केला. दोन बोटं हवेत धरली, जशी मी वर्गात धरायचो. आणि म्हणाला, "ॲक्चुअली, आपला शब्द आहे ना रे बाबू. शब्दापुढे कागद काय."

खोटं बोलायच्या आधी मी 'ॲक्चुअली' म्हणतो, हे मला त्या क्षणी कळलं. गावाला केव्हापासून माहीत होतं देव जाणे, कारण हशा एकदम उठला, विचार करायला कोणी थांबलं नाही. सोफ्यावरचे पाहुणेही हसले. सचिव तर माझ्या खांद्यावर हात ठेवून हसला. बायको हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि ते हसण्यापेक्षा महाग पडलं.

नाटकात पुढे व्हिलनला हिरोनं बडवला. टाळ्या पडल्या. माझ्या कोटाची एक बाही उसवली.

त्या रात्री चुलतभावाकडे मुक्काम होता. सकाळी उठलो तो तावातावानं शेताकडे निघालो. वाटेत भाषण तयार केलं: कृतघ्नपणा, गुरुशिष्य, बदनामीचा कायदा. कायदा हा शब्द इथे मला बरोबर आठवला.

तो बांधीत होता. कापलेल्या धानाचे भारे रचून पुंजणं घालणं चाललं होतं. वर तो, खालून त्याची बायको भारे फेकत होती. मला शेताच्या धुऱ्यावर पाहून तो खाली उतरला. कानामागे अजून थोडा रंग होता.

मी विचारलं, "चार माणसांत माझी नक्कल केली?"

"नाई जी," तो म्हणाला. "नाटकात जमीनदार होता. डायरेक्टर म्हने, एखांद्या जमीनदारावर नजर ठेव, तसा कर. मले एकच मालूम हाय."

मी म्हटलं, मी काय असा आहे? मी तुला कधी उलटं बोललो? माझ्या घरी येतोस, चहा घेतोस.

"घेतो न जी. तुमी मानूस वाईट नाई." हे त्यानं धानाच्या जातीविषयी सांगावं तसं सांगितलं. "काल तुमीच सांगतलं, राबनाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं म्हनून त्याचे हाल झाले. मी म्हनलं, सरले मालूम नसन म्हनून देत नसतीन. पन तुमाले त रोमपासून सारं मालूम हाय."

त्याची बायको खालून म्हणाली, "पुसा न तेयले, काऊन नाई देत त." माझ्याशी ती थेट बोलली नाही. मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर होतो आणि तेवढं तिला पुरे होतं.

"हे पाहा सर," तो म्हणाला. "परसा नोंदनी बंद होते. कागद देत असान त द्या. नाई त उन्हाळी धान तुमीच करा. मी कालव्याच्या तिकडची जमीन पाहून ठेवली हाय. तिथला मालक लिहून देतो म्हनते."

माझं तयार भाषण होतं त्यातलं एक वाक्यही उपयोगाचं निघालं नाही. पाच एकर चिखलात मी उभा आहे, हे चित्र मात्र डोळ्यासमोर आलं. खरं सांगतो, न्याय नंतर आला, चिखल आधी आला.

कागद शोधला तर खिशात कालचं भाषणच होतं. त्याच्या कोऱ्या बाजूला, पंपाच्या पेटीवर ठेवून मी लिहायला घेतलं. तीस वर्षं पोरांना अर्जाचे नमुने लिहायला लावलेला माणूस मी. चार ओळींना मला पाऊण तास लागला. 'माझ्या मालकीची' लिहिलं, ठसठशीत. गट नंबर लिहिला. 'अकरा वर्षांपासून' लिहिताना हात थांबला. अकरा वर्षं लिहिली तर फार वाटतं. खोडून 'चालू हंगामात' केलं. मग त्याचं नाव लिहिलं. आणि चार ओळी झाल्यावर हळूच पाचवी ओळ लिहिली: 'या कागदाने सदर इसमास कुळाचा कोणताही हक्क मिळणार नाही.' अकरा वर्षं माझं शेत करणाऱ्या माणसाला 'सदर इसम' केलं. इंग्लंडातल्या जमीनदारांना शब्द बिघडवायला शेकडो वर्षं लागली होती. मला एक ओळ पुरली.

त्यानं कागद वाचला, बोट ठेवून, हळूहळू. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. मी समजावायला तोंड उघडलं, ॲक्चुअली म्हणणार होतो, ते गिळलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमालेबी झोप लागली पायजे."

तशा कागदाची तिथे काही किंमत नव्हती, हे आम्हाला केंद्रावर गेल्यावर कळलं. तिथे छापील नमुना होता. त्यात चारच ओळी होत्या, पाचवीला जागा नव्हती. ऑपरेटर पोरगी म्हणाली, काका, इथे सही करा, आणि मोबाईलवर नंबर येईल तो सांगा. मी सही केली. नंबर आला, चष्मा सापडेना म्हणून तो यानंच वाचला. पोरीनं बटण दाबलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवला, की नाव बरोबर आहे का पाहा. तो पाहत राहिला. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, "अबे, नाव पाहून रायला का पिच्चर?" तो सरकला नाही. पोरीनं प्रिंट काढून हातात दिली तेव्हा त्यानं ती घडी न करता, शर्टाच्या आत, बनियनला चिकटवून ठेवली.

बाहेर आलो. मी थोडा वेळ उभा राहिलो, म्हटलं आता काही तरी म्हणेल. आभार नाही तर निदान, सर, तुम्ही आलात, एवढं तरी. मोटरसायकलला किक मारता मारता तो म्हणाला, "सर, उन्हाळीच्या पान्याचा अर्ज बी भराचा हाय. त्याच्यावर बी मालकाची सई लागते. कालव्याचं आफिस आता उघडं असन."

मी मागे बसलो. वडिलांच्या फोटोशेजारची भीतीही माझ्यासोबत बसली. वाटेत दोनदा वाटलं, याला थांबायला सांगावं, उद्या पाहू म्हणावं. रस्ता खराब होता आणि त्याला मागचं ऐकू येत नव्हतं, म्हणून तिथेही सही झाली.